माहेरचं शिसं



आज शिशाची गोष्ट सांगते. शाळेच्या शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, तेव्हा हे ऐकून मुलांच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका. मी बोलतेय ते गाडीच्या बॅटरीतलं शिसं, जुन्या तेलरंगातलं शिसं, वेशीवरच्या मारुतीच्या शेंदरातलं शिसं. हो, अस्सल शेंदूर म्हणजे शिसं भाजून केलेली लाल पूडच. देवाला ती चालते. लेकराच्या पोटात गेली की चालत नाही.

१९९५ सालची दिवाळी मला चांगली आठवते, कारण त्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, सकाळीच सूर्यग्रहण होतं. कुरुळीत आमच्या मागच्या दोन खोल्यांत तेव्हा बीडकडचं एक जोडपं भाड्यानं राहायचं. तो एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायच्या कामाला. संध्याकाळी घरी यायचा तो कपड्यांवर करडी धूळ घेऊनच. ती आमच्याच धुण्याच्या दगडावर ते कपडे हातानं चोळून धुवायची. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. तेव्हा तिला चौथा महिना होता. ग्रहणाच्या वेळी सगळ्या जणी दारं लावून बसलेल्या आणि वहिनी विळीवर भाजी चिरत होती, कारण नवऱ्याला दिवाळीची सुट्टी नव्हती आणि डबा द्यायचा होता.

पुढच्या वर्षी मुलगा झाला. अंगानं बारीक, रंगानं फिकट, चालायला उशीर लागला, दिसेल ती माती तोंडात घालायचा, एका जागी म्हणून ठरायचा नाही. गल्लीनं निकाल देऊन टाकला: आईनं ग्रहण पाळलं नाही. माझ्या सासूबाईही तसंच म्हणाल्या. आणि मी, चार बुकं शिकलेली, मान डोलावत उभी राहिले.

त्या पोराचं जे झालं ते शिशानंच झालं, असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. कुणी त्याचं रक्त तपासलंच नाही. ग्रहणानं मात्र झालं नाही, एवढं नक्की. पुढं शिशाबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं की आईला दोष द्यायची ही रीत फक्त आपल्या गल्लीची नाही. शिशाचा अख्खा इतिहास तिनं भरलाय.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १८९०च्या सुमारास लहान मुलं विचित्र आजारी पडायला लागली. पोटात कळा, हातापायांतली ताकद गेलेली, काहींची नजर अधू. जेफरीस टर्नर नावाच्या डॉक्टरांनी १८९२ मध्ये सांगितलं की ही शिशाची विषबाधा आहे. पण शिसं येतंय कुठून? पाणी तपासलं, भांडी तपासली. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट दाखवलं ते घराच्या व्हरांड्याच्या कठड्याकडे. कठड्याला शिशाचा पांढरा रंग. उन्हानं त्याची पूड होते, मुलं कठडा धरून खेळतात, आणि तोच हात तोंडात जातो. इतकं साधं. तरी तिथं कायदा व्हायला १९२२ साल उजाडलं.

तोवर अमेरिकेत दुसरंच प्रकरण सुरू झालं होतं. १९२१ मध्ये थॉमस मिजली या इंजिनियरनं शोधून काढलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक रसायन घातलं की इंजिन ठोके न देता गुळगुळीत चालतं. १९२३ पासून ते विकायला लागले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत ते रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ मध्ये सरकारनं बैठक बोलावली, तिथं डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन ठामपणे विरोधात बोलल्या. हार्वर्ड विद्यापीठानं शिकवायला नेमलेली ही पहिली बाई. आयुष्यभर शिशाच्या भट्ट्यांत, रंगाच्या कारखान्यांत फिरून तिनं कामगारांचे आजार टिपले होते. तिचं ऐकलं असतं तर पुढची सत्तर वर्षं जगातल्या प्रत्येक रस्त्यावर शिसं उधळलं गेलं नसतं. ऐकलं नाही.

आणि रंगाचं काय झालं? अमेरिकेतल्या शहरांत गरीब वस्त्यांतली मुलं जुन्या रंगाचे पोपडे खाऊन दवाखान्यात येत राहिली. तेव्हा शिसे उद्योगाच्या संघटनेची माणसं म्हणू लागली की दोष रंगाचा नाही, अडाणी आईबापांचा आहे, त्यांना मुलं सांभाळता येत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमची गल्ली आठवली. आम्ही निदान त्या धंद्यातून पैसा तरी कमावत नव्हतो.

या सगळ्याला खरा धक्का दिला तो पडलेल्या दुधाच्या दातांनी. आपल्याकडे दात पडला की कौलावर फेकतात. बोस्टनजवळच्या दोन गावांत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळेतल्या मुलांचे पडलेले दात मागून घेतले. हाडासारखंच दातातही शिसं साठतं, म्हणजे दात हा लहानपणाचा लेखी पुरावाच. ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्या मुलांची बुद्धिमापन चाचणी कमी आली, आणि बाईंनी भरलेल्या तक्त्यात त्यांचं लक्ष लागत नाही, सांगितलेलं ध्यानात राहत नाही असं निघालं. यातलं एकही पोर आजारी म्हणून दवाखान्यात गेलेलं नव्हतं. हे छापून आलं १९७९ मध्ये. नीडलमन यांच्यावर पुढं आरोप झाले, चौकश्या झाल्या, त्यातून ते सुटले.

त्यानंतर काय घडलं ते आकड्यांत बघा. शिसं मोजतात ते १०० मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम यावर. १९६०च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या रक्तात ६० पर्यंत चालतं असं मानत. १९७१ मध्ये ४० म्हणाले. १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, आणि २०२१ पासून साडेतीन. मुलांची शरीरं बदलली नव्हती. मोजणाऱ्यांची नजर बारीक झाली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही.

आता जरा शरीराच्या आत जाऊ. सातवी-आठवीच्या पुस्तकात मुलींनी पेशी वाचली असेल, त्यात ‘तंतुकणिका’ असा शब्द येतो. बहुतेक पेशींत अशा शेकड्यानं असतात, अगदी चिमुकल्या. खाल्लेल्या अन्नाचं आणि श्वासातल्या प्राणवायूचं सरपण करून त्या पेशीला लागणारी ताकद तयार करतात. पेशीच्या घरातल्या चुली म्हणा. चूल विझली की घरातलं सगळंच थांबतं.

या चुलींची एक गंमत आपण बायकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. त्या आईकडून येतात. बापाच्या बीजातल्या तंतुकणिका बाळात टिकत नाहीत, आईच्या अंड्यातल्याच वाढतात. त्यांना स्वतःची वेगळी आनुवंशिक दोरी असते. ती पहिल्यांदा दिसली १९६३ मध्ये, स्टॉकहोमला, मार्गिट नास आणि सिल्व्हन नास या जोडप्याला. म्हणजे तुमच्या अंगातली चूल तुमच्या आईची, तिच्या आईची, तिच्याही आईची. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायला इतकी भांडणं करावी लागली. शरीरानं हा वारसा आधीच बाईच्या नावे करून ठेवलेला.

शिसं नेमकं या चुलीत शिरतं. शिसं शरीराला फसवतं, मी कॅल्शियम आहे असं भासवतं. कॅल्शियमला जिथं जिथं दार उघडतं तिथं तिथं हा तोतया आत जातो. १९६८ मध्ये रॉबर्ट गोयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी शिसं खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा तंतुकणिका सुजलेल्या दिसल्या. सुजलेली चूल धूर जास्त करते आणि आच कमी देते. पेशीतही तसंच होतं: ताकद कमी तयार होते आणि पेशी जाळणारे घटक वाढतात.

मोठ्या माणसापेक्षा बाळाला हे जास्त का बाधतं? एक तर पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्यांच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा उतरतो, लहान मुलाच्या रक्तात जवळजवळ निम्मं. दुसरं म्हणजे मेंदू. पाच-सहा वर्षांचं मूल दिवसभरात जेवढी ऊर्जा खर्चतं त्यातली निम्म्याच्या आसपास एकटा मेंदू खातो, कारण तेव्हा त्याचं बांधकाम चालू असतं. गवंडी कामावर, आणि सरपण ओलं. भिंत उभी राहते, पण कुठं वाकडी राहिली ते पुढं शाळेत कळतं.

आणखी एक गोष्ट आपल्या रोजच्या ओळखीची. रक्ताला लाल करणारं जे द्रव्य आहे त्यात शेवटी लोह बसवायचं काम या तंतुकणिकांच्या आतच होतं. शिसं ते काम अडवतं. त्यात ज्या मुलाच्या अंगात लोह आधीच कमी, त्याचं आतडं शिसं जास्त ओढून घेतं, कारण दोघांचा दरवाजा एकच. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका आणि पाच वर्षांखालची दोन तृतीयांश मुलं रक्तक्षयाची निघाली. सगळा रक्तक्षय शिशाचा नाही हे स्पष्ट सांगते. बहुतेक करून तो ताटातल्या कमतरतेचाच. पण फिकट लेकरू शिशाला अधिक सहज सापडतं, हे खरं.

पोटातल्या दिवसांची छाप पुढं टिकते, हे दाखवणारं मोठं काम आपल्या पुणे जिल्ह्यातच झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. बाळं वजनानं हलकी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. आईच्या रक्तातल्या जीवनसत्त्वांचा मेळ मुलाच्या सहाव्या वर्षीच्या इन्सुलिन-प्रतिकाराशी लागतो, असं त्यातून निघालं. तो अभ्यास अन्नाचा होता, विषाचा नव्हे. पण आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायांच्या अंगावरून तो झालाय, म्हणून सांगितलं.

आता येते या गोष्टीच्या नावाकडे. रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं. हाडातलं शिसं दहा-वीस वर्षं आणि त्याहून जास्त मुक्काम करतं. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात एक छान युक्ती केली. प्रत्येक खाणीच्या शिशाची घडण थोडी वेगळी असते, जसं प्रत्येक गावच्या बोलीचं वळण वेगळं. पूर्व युरोपातून नुकत्या आलेल्या बायकांच्या अंगात तिकडच्या वळणाचं शिसं होतं, ऑस्ट्रेलियाच्या हवापाण्यात दुसऱ्या वळणाचं. या बायका गरोदर राहिल्या तेव्हा त्यांच्या रक्तात शिसं वाढलं, आणि ते निघालं जुन्या देशाचं! बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडातून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर कैक वर्षं दडून बसलेलं शिसंही निघतं आणि नाळेतून बाळाकडे जातं. माहेरचं शिसं, सासरच्या बाळात.

म्हणजे एखादी मुलगी आठ वर्षांची असताना भंगाराच्या दुकानामागं खेळली असेल, तर त्याचा हिशेब तिच्या बाळंतपणात निघू शकतो. त्या नऊ महिन्यांत ती कितीही जपून राहिली तरी.

मेक्सिको शहरात यावर पुढं काम झालं. तिथं आईच्या हाडात शिसं जास्त असलं तर बाळाचं वजन कमी आणि दोन वर्षांच्या वयात समज थोडी मागं, असं दिसलं. तिथंच गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी दहा-अकरा टक्क्यांनी उतरलं. आशाताई ज्या कॅल्शियमच्या गोळ्या देते आणि आपल्या सुना ज्या डब्यात साठवून ठेवतात, त्या गोळ्यांना हे आणखी एक काम आहे.

आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं आधी चार महानगरांत कमी केलं, १९९४ मध्ये. १ एप्रिल १९९५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमानं, तिथल्या नव्या मोटारींसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. सगळ्या देशात शिसं बंद झालं ते १ फेब्रुवारी २०००ला. म्हणजे आमच्या वहिनीचं पोर रांगत होतं तेव्हा नाशिक रस्त्यावरच्या पेट्रोलच्या मोटारींच्या धुरात शिसं होतं. दरम्यान बंगळूरच्या एका प्रतिष्ठाननं डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांच्यासोबत मुंबईसह मोठ्या शहरांत रक्ताच्या तपासण्या केल्या. अहवाल आला १९९९ मध्ये: बारा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांत शिसं १० च्या वर. शिसं बंद झाल्यावर मुंबईत पुन्हा मुलं तपासली, ते २००६ मध्ये छापून आलं, तर असं मूल तिघांत एक निघालं. कुठल्याही आईला शिकवायला कुणी गेलं नव्हतं. पंपावरचं पेट्रोल बदललं, एवढंच. तरीही तिघांत एक राहिलंच, म्हणजे शिसं आणखी कुठून तरी येत होतं.

ते ‘कुठून’ शोधायची रीत बांगलादेशातल्या खेड्यांनी दाखवली. तिथं गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि आसपास ना कारखाना ना मोठा रस्ता. शोध घेता घेता माणसं पोचली हळदीच्या बरणीपाशी. हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून पॉलिश करताना त्याला शिशाचा पिवळा रंग चोळत. २०१९ मध्ये हे उघडकीला आलं, सरकारनं बाजारात धाडी घातल्या, दंड केले, वर्तमानपत्रांतून बोंब केली. बाजारातल्या साधारण निम्म्या हळदीत २०१९ला हा रंग होता, २०२१ला तो सापडेनासा झाला. दोन वर्षांत! आपल्याकडं ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंड घेऊन गिरणीत दळून आणायची पद्धत आहे. ती मोडू नका.

जगाचा हिशेब अजून बाकी आहे. युनिसेफच्या २०२०च्या अहवालात अंदाज दिलाय की जगातल्या दर तिसऱ्या मुलाच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याहून वर आहे, ८० कोटी मुलं, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. जगातल्या शिशाचा सर्वांत मोठा वाटा आता जातो बॅटऱ्यांत.

आपल्या पट्ट्यात ज्वारी-कांद्याची शेतं होती तिथं आता गाड्या तयार होतात. रोजगार आला, पक्की घरं आली, खोल्यांचं भाडं आलं. मीही त्या भाड्यावर मुलं शिकवली, तेव्हा कारखान्यांना शिव्या देणं मला शोभणार नाही. पण चार गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. बॅटरी फोडण्याचं, शिसं वितळवण्याचं, जुना रंग खरवडण्याचं काम घरात कुणी करत असेल तर कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि माणसानं लेकराला उचलण्याआधी अंघोळ करावी. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. तो कारखान्यातल्या रंगाला लागू नाही. म्हणून कंपनीतून उरलेला डबा आणून पाळण्याला, कपाटाला फासायची आपल्याकडची चाल बंद करा. आणि अशा घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, रक्तातलं शिसं तपासता येईल का. खासगी तपासणी केंद्रांत ती होते.

वहिनीचं कुटुंब १९९९ला आमची खोली सोडून गेलं. जायच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. मागच्या पावसाळ्यात फोन आला, मुलीला दिवस गेलेत म्हणून. मी तिला हे सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसंच. कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नकोस, रक्त तपासून घ्या. आणि ग्रहणाचंही बोलले. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं, आमच्या तोंडून चुकलं, असं म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, मग त्यांचे कपडे मी धुवायचे तरी कुठं होते?”

१९४८च्या कारखाना कायद्यात ४२वं कलम कामगारांच्या धुण्याच्या सोयीचं होतं आणि ४३वं कपडे ठेवायच्या-वाळवायच्या जागेचं. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहाच माणसं कामाला होती. कायद्याच्या हिशेबात तो कारखानाच नव्हता.